साप्ताहिकी

बँकेत चोवीस वर्षं काढलेल्या माणसाला दोनच प्रश्न खरे पडतात. कालचा ताळा जुळला का, आणि पुढची सुट्टी कधी आहे. मधला जो 'आज' असतो, तो काउंटरपलीकडे पासबुक हातात घेऊन रांगेत उभा असतो. त्याच्याकडे मान वर करून पाहायची आमच्यात पद्धत नाही.

त्यामुळे 'पुढे काय आहे' हे सांगणाऱ्या कोणत्याही गोष्टीबद्दल मला लहानपणापासून आदर आहे. त्यात कालनिर्णय आलं, रेल्वेचा इंडिकेटर आला, रविवारच्या पेपरातलं राशिभविष्य आलं. पण कालनिर्णयातल्या सुट्ट्या नेमक्या रविवारी येतात, इंडिकेटरवरची गाडी इंडिकेटरवरच राहते, आणि 'धनलाभ संभवतो' हे वाक्य कुंभ राशीला गेली चाळीस वर्षं लिहून येतंय. अजून एकही एंट्री क्रेडिट झालेली नाही. साऱ्या आयुष्यात ज्याने पुढच्या आठवड्याबद्दल मला बऱ्यापैकी खरं सांगितलं असा एकच इसम, म्हणजे मुंबई दूरदर्शनवरची 'साप्ताहिकी'.

तिची आठवण निघाली ती माळ्यामुळे. डोंबिवलीत टिळकनगरातली आमची बिल्डिंग गेल्या वर्षी रीडेव्हलपमेंटला गेली. तीन मजले, लिफ्ट नाही, गॅलरीला लोखंडी गज, अशी ती बिल्डिंग. घर रिकामं करताना माळ्यावरून काय काय निघालं म्हणता! पितळी स्टोव्ह निघाला, अँटेनाच्या अॅल्युमिनियमच्या चार कांड्या निघाल्या, माझी बी.कॉम.ची कॉस्टिंगची नोटबुकं निघाली (त्यांना वाळवीनेही तोंड लावलेलं नव्हतं), आणि सुतळीने बांधलेल्या आठ वह्या निघाल्या. वरच्या वहीवर बाबांच्या वळणदार अक्षरात लिहिलं होतं, 'साप्ताहिकी. १९८३ पासून.'

"म्हणजे काय?" मुलीने विचारलं.

"दर रविवारी टीव्हीवर एक कार्यक्रम लागायचा. पुढच्या आठवड्यात टीव्हीवर कोणते कार्यक्रम लागणार आहेत, ते त्यात सांगायचे."

"ट्रेलर?"

"तसंच काहीसं. पण त्यात एक बाई यायच्या, नमस्कार करायच्या आणि वाचून दाखवायच्या."

"आणि तुम्ही ते बघत बसायचात?"

"बघत नाही. लिहून घेत."

मुलीने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, त्या नजरेने आम्ही बँकेत अंगठा उठवणाऱ्या खातेदाराकडेही पाहत नाही.

आता तिला कसं समजवावं? मुंबईचं दूरदर्शन केंद्र वरळीला सुरू झालं ते २ ऑक्टोबर १९७२ रोजी, देशात दिल्लीनंतर दुसरं. तेव्हापासून कितीतरी वर्षं घरात टीव्ही असला तरी चॅनल एकच आणि तोही दिवसातले काही तासच. त्यातच 'गजरा' बसायचा, त्यातच 'किलबिल', त्यातच 'प्रतिभा आणि प्रतिमा', तबस्सुम यांचं 'फूल खिले हैं गुलशन गुलशन', गुजराती मंडळींची 'संताकुकडी', कामगारांसाठी 'कामगार विश्व'. आणि 'आमची माती, आमची माणसं'. आम्हा डोंबिवलीकरांची शेती म्हणजे गॅलरीत डालड्याच्या डब्यात लावलेली तुळस. तरीही कपाशीवरच्या बोंडअळीची आम्हाला इतकी सविस्तर माहिती होती, की ती अळी चुकून टिळकनगरात उतरली असती तर जिवंत परत गेली नसती. पुढे कोणी काय पाहिलं हा आवडीचा प्रश्न झाला. आमच्या वेळी तो हजेरीचा प्रश्न होता. जे लागेल ते सगळे पाहत. म्हणून काय लागणार हे आधी कळण्याला किंमत होती.

आमच्याकडे टीव्ही नव्हता तेव्हा बिल्डिंगमध्ये तो तिसऱ्या मजल्यावरच्या काकांकडे होता. लाकडी कपाटातला, सरकत्या दारांचा. काका तो उघडताना देव्हाऱ्याचा पडदा बाजूला करावा तसा करत आणि कार्यक्रम संपला की कुलूप लावत. त्यांच्या घरी रविवारी चाळीसेक माणसं जमत. काकू बिचाऱ्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावरून अर्धा टीव्ही पाहत. फुकट पाहायचं तर काहीतरी मोबदला द्यावा, या सरळ हिशेबी विचाराने बाबांनी एक काम अंगावर घेतलं. 'साप्ताहिकी' लागली की ते वही उघडून बसत, सगळं टिपून घेत आणि त्याची स्वच्छ प्रत करून जिन्याखालच्या फळ्यावर लावत. फळ्यावर डावीकडे 'उद्या पाणी सकाळी साडेपाच ते सहा' आणि उजवीकडे 'गुरुवार : छायागीत'. तुम्हाला सांगतो, दोन्ही मजकूर लोक सारख्याच भक्तिभावाने वाचत. पाण्याच्या वेळेत चूक झाली तर लोक नगरपालिकेला बोलत. छायागीताची वेळ चुकली तर बाबांना.

आमचा टीव्ही आला १९८४ च्या दिवाळीत. बाबांचा आग्रह असा, की मोठी खरेदी ठाण्याला करायची. डोंबिवलीत मिळत नव्हता असं नाही, पण गोखले रोडवर घेतलेल्या वस्तूला एक वेगळंच वजन असतं, असं त्यांचं मत. हे वजन आम्हाला ठाणे स्टेशनच्या पुलावर कळलं. टेम्पोचं भाडं ऐकून बाबांनी टीव्ही लोकलने न्यायचं ठरवलं होतं. रविवार दुपारची कल्याण गाडी, बाबा, तिसऱ्या मजल्यावरचे काका (सल्लागार म्हणून), सहा वर्षांचा मी आणि ते भलंमोठं खोकं. खोक्यावर 'नाजूक वस्तू, सांभाळा' असं इंग्रजीत छापलेलं होतं. ते वाचून मुंब्र्याला चढलेल्या एका गृहस्थांनी आपली पिशवी त्याच्यावरून उचलून बाबांच्या मांडीवर ठेवली. डोंबिवलीला उतरलो तेव्हा टीव्हीला ओरखडा नव्हता. बाबांच्या सदऱ्याची मात्र तीन बटणं गेली होती. ती त्यांनी आईला सांगितलेल्या खरेदीखर्चात धरली नाहीत.

मग अँटेना. बाबा गच्चीवर, काका जिन्यात, आई दारात, मी टीव्हीसमोर. मी म्हणायचं "आलं", आईने ते जिन्यात पोचवायचं, काकांनी गच्चीवर. बातमी वर पोचेपर्यंत चित्र गेलेलं असायचं. शेवटी मुंग्या कमी आणि माणसं जास्त दिसायला लागली तेव्हा बाबांनी तार आवळली. त्या दिवशी गच्चीवरून मी पहिल्यांदा गावभरच्या अँटेना पाहिल्या. साऱ्याच्या साऱ्या नैर्ऋत्येला, वरळीच्या मनोऱ्याकडे तोंड करून उभ्या. डोंबिवलीतले पुरुष सकाळी प्लॅटफॉर्मवर जसे मुंबईकडे तोंड करून उभे असतात, अगदी तशाच. फरक इतकाच, की अँटेनांना उभं राहायला जागा मिळालेली होती.

पुढच्या रविवारी बाबांनी स्वतःच्या घरात, स्वतःच्या टीव्हीवरून पहिली साप्ताहिकी उतरवून घेतली. २८ ऑक्टोबर १९८४. वहीचं ते पान माझ्यासमोर आहे. सोमवार ते रविवार, वेळेसकट, खाली दोनदा रेघ. आणि बुधवारी, ३१ तारखेला, इंदिरा गांधींची हत्या झाली. पुढचे कितीतरी दिवस टीव्हीवर एकच दृश्य होतं. ज्यांच्याकडे टीव्ही नव्हता ते सगळे आमच्याकडे येऊन बसले होते आणि नव्या टीव्हीचं कौतुक करायला आलेली मंडळी काही न बोलता परत जात होती. बाबांच्या त्या रेखीव पानावर बुधवारपासून खाली तिरकी रेघ आहे आणि शेऱ्याच्या रकान्यात वेगळ्या, घाईच्या अक्षरात दोन वाक्यं : 'सगळे रद्द. रात्री कोणी जेवले नाही.'

ते अक्षर आईचं.

इथे मी वही मिटून घाम पुसला आणि मग, काय सांगू, माझ्यातला बँकवाला जागा झाला. बांधलेल्या सामानावर बसून मी आठही वह्यांचं ऑडिट केलं. बायको म्हणाली, "अरे, टेम्पो खाली उभा आहे." पण एकदा मेळ घालायला बसलेला क्लार्क आगीच्या घंटेनेसुद्धा उठत नाही.

रकाने चार. वार, वेळ, कार्यक्रम, शेरा. पहिले तीन बाबांच्या अक्षरात. चौथ्यात बाबांच्या काही खुणा होत्या. 'पा.' म्हणजे पाहिला. 'ला. गे.' म्हणजे लाईट गेली. 'पा. आ.' म्हणजे पाहुणे आले. आणि 'गा. ले.', म्हणजे गाडी लेट. आता ऐका. १९८५ सालचं छायागीत मी मोजलं. गुरुवार जवळजवळ सगळे टिपलेले. त्यांत बाबांचे 'पा.' किती? तीन! तीनही वेळा बाबा तापाने घरी होते. बाकी सगळे 'गा. ले.' खरं म्हणजे गाडी लेट नसतीच तरी काय होणार होतं? बाबांचं ऑफिस फोर्टात. ते घरात शिरत तेव्हा मुंबई केंद्राचे कार्यक्रम आवरून पावणेनऊच्या आसपासच्या हिंदी बातम्या दिल्लीहून सुरू व्हायच्या बेतात असत. म्हणजे हा गृहस्थ वर्षानुवर्षं, दर रविवारी, आपण पाहणार नाही अशा कार्यक्रमांची यादी सुवाच्य अक्षरात करत होता. आमच्या भाषेत याला वसूल न होणारी येणी म्हणतात. ती इतकी साठली की मॅनेजरची बदली होते.

पण खरा धक्का पुढे होता. 'गा. ले.' च्या पुढे, जागा मिळेल तसं, आईच्या अक्षरात काहीबाही लिहिलेलं होतं. 'छान होता. शेवटचं गाणं जुनं.' 'पाहुणे चांगले बोलले, मुलाखत घेणाऱ्यांनी मधे मधे तोडलं.' 'भुईमुगावरची कीड. आपल्याला काय करायचंय, पण बघितलं.' 'नाटुकलं बरं. तुम्ही असता तर हसला असता.' 'व्यत्यय वीस मिनिटं. तेवढ्यात पोळ्या झाल्या.'

आणि माझ्या डोक्यात एकदम प्रकाश पडला. लोकलमधल्या बाबांच्या ग्रुपमध्ये त्यांची टीव्हीवरचा जाणकार म्हणून ख्याती होती. कॉलेजात असताना मी एकदा त्यांच्या गाडीने गेलो, तर एक काका मला म्हणाले होते, "तुझे वडील म्हणजे काय! कार्यक्रम कसा होता ते एका वाक्यात सांगणार. मुलाखत घेणाऱ्याने मधे तोडलं, हे आमच्या लक्षातसुद्धा आलं नव्हतं!" अहो, येईल कसं? ते बाबांच्याही लक्षात आलेलं नव्हतं. ते त्या संध्याकाळी दिव्याच्या अलीकडे एका पायावर उभे होते.

हल्ली बँकेत प्रत्येक व्यवहाराला दोन माणसं लागतात. एकाने एंट्री टाकायची, तो मेकर. दुसऱ्याने तपासून पास करायची, तो चेकर. दोघांच्या आयडीशिवाय खात्यात दमडी हलत नाही. ही पद्धत कॉम्प्युटरबरोबर आली असं आम्हाला ट्रेनिंगमध्ये सांगतात. आमच्या घरी ती १९८४ पासून चालू होती आणि मला पत्ता नव्हता.

आई जाऊन आता नऊ वर्षं झाली. विचारायचं ते बाबांनाच. बाबा ब्याऐंशीचे आहेत. ठाकुर्लीच्या भाड्याच्या घरात त्यांना खिडकीजवळची खुर्ची दिली आहे आणि रिमोट दिला आहे. रिमोटवर शेकडो चॅनल आहेत. बाबा त्यांतून सह्याद्री शोधत असतात आणि सापडेपर्यंत कार्यक्रम संपलेला असतो. मी त्यांच्यासमोर वह्या ठेवल्या.

"बाबा, एक विचारू? तुम्हाला बघायला मिळायचं नाही. मग लिहून कशाला घेत होतात?"

"फळ्यावर लावायला."

"फळा तर आपला टीव्ही आल्यावर वर्षभरात बंद झाला. घरोघरी टीव्ही आले. वही १९९२ पर्यंत आहे."

बाबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. ऑडिटरने नेमकं व्हाउचर मागितलं की जुने हेडक्लार्क असंच करत.

"अरे, तेव्हा फोन होता का घरात? सकाळी निघालो की रात्रीपर्यंत तुम्ही मेलात की जगलात काही कळायचं नाही. फास्ट गाडी पारसिकच्या बोगद्यात शिरली की डब्यात काळोख. लोक गप्प व्हायचे. मी घड्याळ बघून ठेवलेलं असायचं. म्हणायचो, आता 'गजरा' लागला असेल. ही भाजी चिरता चिरता बघत असेल. तू टीव्हीला नाक लावून बसला असशील आणि ती तुला मागे सरक म्हणत असेल." ते थांबले. "लिहून नेलेलं असलं की घरी काय चाललंय ते दिसायचं. एवढंच."

मग जरा वेळाने, "बोगद्यातून बाहेर आलो की कळवा-मुंब्र्याचा वारा लागायचा. बरं वाटायचं."

मी वह्या उचलल्या. त्या येणी म्हणून दाखवण्यात माझी चूक झाली होती. ती रोज संध्याकाळी वसूल होत होती. मी फक्त चुकीच्या खात्यात शोधत होतो.

वही १९९२ ला का थांबली, हेही त्या वर्षात लिहिलेलंच आहे. त्या ऑक्टोबरात झी टीव्ही आला, गल्लीत केबलवाल्याची तार आली आणि एका चॅनलचा आठवडा लिहून ठेवण्यात अर्थ उरला नाही. पुढे १९९४ मध्ये दूरदर्शनचीच मराठीची वेगळी वाहिनी निघाली, २००० मध्ये तिचं नाव 'सह्याद्री' झालं. कार्यक्रम वाढत गेले, ते कधी लागणार हे सांगायची गरज कमी होत गेली. मध्यंतरी एकदाच बाबांनी पेन काढलं होतं. २८ मार्च २०२० पासून दूरदर्शनने 'रामायण' पुन्हा दाखवायला घेतलं तेव्हा. लोकल बंद, सगळं गाव घरात. मी मात्र बँकवाला, अत्यावश्यक, म्हणून मास्क लावून बसच्या रांगेत. तेव्हा कालनिर्णयच्या मागे दुधाच्या हिशेबाखाली त्यांनी लिहिलं होतं : 'रामायण. सकाळी ९, रात्री ९.' मला वाटलं होतं, विसरू नये म्हणून लिहिलं. आता कळतं, मी रांगेत उभा असेन तेव्हा घरी काय चाललं असेल, ते मला माहीत असावं म्हणून. मी ते वाचलंही नव्हतं.

आज आमच्या घरात चार माणसं आणि पाच पडदे. बायको एका मालिकेचा चौथा सीझन पाहते, मुलगी कानात बोंडं घालून कोरियन काहीतरी पाहते, बाबा सह्याद्री शोधतात. माझ्या खिशात फोन आहे. कोणालाही, केव्हाही विचारता येतं. म्हणून विचारलं जात नाही. कोपरच्या अलीकडे गाडी थांबलेली असताना घरी या क्षणी काय चाललंय, असं मला कोणी विचारलं तर मी 'वाय-फाय चालू असेल' याउप्पर काही सांगू शकत नाही.

म्हणून गेल्या गणपतीपासून मी आमच्या घरी साप्ताहिकी सुरू केली आहे. रविवारी संध्याकाळी चहानंतर, दहा मिनिटं. निवेदक मीच. पहिल्या खेपेला मी उभा राहून, हात जोडून, "नमस्कार, पुढील आठवड्यातील कार्यक्रम याप्रमाणे," असं म्हटलं तेव्हा बायकोने माझं बीपी तपासून घ्यायला सांगितलं. मी ते मंगळवारच्या कार्यक्रमात घातलं.

हल्ली मात्र सगळे आपापल्या वेळा देतात. 'सोमवार, संध्याकाळी सात : मुलीचा गणिताचा क्लास. मंगळवार, साडेसात : बाबांच्या गुडघ्याला तेल, सादरकर्ती सूनबाई. बुधवार : बिल्डरच्या ऑफिसात सभासदांची बैठक, हा कार्यक्रम गेले सात आठवडे अपरिहार्य कारणास्तव रद्द झाला आहे. गुरुवार, आठ वाजता : जुनी गाणी, बाबांच्या खोलीत, आवाज बेताचा ठेवून.' बाबा सगळं नव्या वहीत उतरवून घेतात. अक्षर आता थोडं हलतं, पण रेघ दोनदाच मारतात. शेऱ्याचा रकाना त्यांनी रिकामा ठेवला होता. दोन आठवड्यांपूर्वी पाहिलं, तर त्यात मुलीने लिहायला सुरुवात केली आहे. 'तेल सांडलं. आजोबा म्हणाले चालेल.'

गेल्या गुरुवारी नेहमीप्रमाणे दिव्याच्या पुढे गाडी उभी राहिली. पाच मिनिटं, दहा मिनिटं. डब्यात माझा एक पाय जमिनीवर होता, दुसरा कोणाच्या तरी. लोक फोन काढून रेल्वेला शिव्या टाईप करत होते. मी कसाबसा हात वर करून घड्याळ पाहिलं. आठ वाजून सात मिनिटं. म्हटलं, आता पहिलं गाणं संपत आलं असेल. बाबा खुर्चीच्या हातावर ताल धरत असतील, चुकीचा. बायको दारात उभी राहून 'आवाज कमी' म्हणत असेल आणि स्वतः मात्र तिथून हलत नसेल.

मी हसलो असणार, कारण शेजारच्या तरुणाने आपला खिसा चाचपून पाहिला.

घरी पोचलो तेव्हा पावणेनऊ होऊन गेले होते. गाणी संपली होती. वही टीपॉयवर उघडी होती आणि गुरुवारच्या शेऱ्यात माझ्या मुलीच्या अक्षरात लिहिलं होतं, 'बाबा : गा. ले.' आणि त्याच्यापुढे, 'छान होता. शेवटचं गाणं जुनं.'